जादा वेळ

“वाच,” म्हणत विजयसिंह सरांनी टेबलावरचं वर्तमानपत्र पौर्णिमाच्या अंगावर ढकललं. “मथळा सोड. बारीक छापलंय ते वाच.”

पौर्णिमानं ओळीखाली बोट ठेवलं. दोन शब्द पार केले, तिसऱ्याच्या जोडाक्षराशी अडली, मागं आली, पुन्हा निघाली. सर मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिले.

“बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हायस ना बाई तू? आमच्या काळात ह्याला ढ म्हणायचे. आता इंग्रजी नाव निघालं, डिस्लेक्सिया. उद्या आळसालाबी सर्टिफिकेट मिळंल.”

“सर, मला सगळं येतं. लिहायला वेळ लागतो, म्हणून फक्त—”

“वेळ तर माझ्याकडंबी न्हाई. अर्ज ठेव आन् नीघ. बघू.”

पाटोद्याच्या त्या कॉलेजात परीक्षा विभागातलं ‘बघू’ म्हणजे काय, हे कोपऱ्यातल्या टेबलावर बसणाऱ्या धोंडीरामाएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षं तो इथं कारकून होता. सवलतीचे अर्ज आज पाचच्या टपालानं विद्यापीठाकडं गेले तर गेले. नाहीतर पोरगी गेल्या वर्षीसारखी अर्धा पेपर कोरा ठेवून उठणार आणि यंदा वर्षच जाणार.

त्याला सरांची किळस आली. कपाळाला बुक्का लावून हा माणूस सप्ताहाच्या कीर्तनात पहिल्या सतरंजीवर बसायचा. महाराज अभंगाचं चरण उलगडून सांगत असताना ह्याची मान मोबाइलात. मंडप गलबलून विठ्ठल विठ्ठल करायला लागला, की हा दचकून वर बघायचा आणि सगळ्यांच्या नंतर टाळी वाजवायचा. तीही चुकीच्या मात्रेवर! धोंडीराम मागं टाळ धरून उभा असायचा. अख्खं कीर्तन दृष्टान्तासकट त्याच्या कानात मुरायचं आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापणाऱ्या सिंधुबाईला तो ते जसंच्या तसं ऐकवायचा. “श्रवण ही पहिली भक्ती,” तो बायकोला म्हणायचा. “ऐकावं कसं, ते आमाला विचारा.” सिंधुबाई तव्याकडं बघत हसायची.

तो पौर्णिमाच्या मागोमाग व्हरांड्यात आला. तिनं ठेवलेला अर्ज त्याच्या हातात होता, पण तो खाडाखोडीनं भरला होता. खालपर्यंत न वाचताच त्यानं कोरा नमुना काढला.

“बस पायरीवर. मी देतो भरून.”

“काका, त्यात मला—”

“गप बस पोरी. तुझं दुःख मला कळतं.”

“न्हाई, पण मला ते दुसरं—”

“कळलं म्हणलं ना! त्या माणसाच्या नादी लागू नकोस. त्याला म्हशीची शिंगं अन् सरस्वतीची वीणा एकच.”

धोंडीरामाचं अक्षर म्हणजे मोत्याचा सर. नाव, गाव लिंबागणेश, जिल्हा रुग्णालयाचा दाखला, सगळं त्यानं मायेनं लिहिलं. खालच्या दोन चौकटींपैकी ‘लेखनिक’ लिहिलेल्या चौकटीत ठसठशीत खूण केली आणि आत गेला.

सरांच्या सह्यांची एक रीत होती. धोंडीरामानं कागदाचं टोक उचलायचं, जिथं बोट ठेवील तिथं सरांनी सही ठोकायची. मोबाइल खांद्यात धरलेलाच. आज त्यानं अर्ज सगळ्यांत वर ठेवला आणि बोट ठेवलंच नाही.

“सर, पौर्णिमाचा अर्ज हाय. वाचून घ्या.”

“बॅनरवर फोटो माझा मोठा घ्या,” सर फोनमध्ये सांगत होते. “महाराजांचा खाली बसंल... कुठं करू रे सही?”

“आधी वाचा सर.”

“तू वाचलंय ना? मग झालं.”

त्यांनीच जागा शोधून सही केली. धोंडीरामानं शिक्का मारला आणि दाराबाहेर येईपर्यंत हसू दाबलं. पोरीला वाचायला लावणारा हा शहाणा, आणि ह्याला स्वतःच्या सहीवरच्या चार ओळी वाचवल्या नाहीत!

“घे. डोळ्यानं बघ एकदा. मग टपालात टाकतो.”

पौर्णिमानं कागद मांडीवर घेतला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला लागली.

“अगं, सही झालीय! वाचायचं काय त्यात?”

ती वाचतच राहिली. नाव झालं. गाव झालं. धोंडीरामानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेचार. बोट दाखल्याच्या नंबरावरून सरकत होतं. त्यानं पुन्हा घड्याळाकडं पाहिलं आणि आपली मान सरांसारखीच वळलीय, हे त्याच्या ध्यानात आलं. तो भिंतीकडं पाठ करून उभा राहिला.

बोट चौकटीशी थांबलं.

“काका, हितं लेखनिक कावून?”

“मग? तुला लिहायला माणूस नको?”

“न्हाई. मला जादा वेळ पायजे. लिहिणार मीच.” तिनं कागद त्याच्यापुढं धरला. “दुसऱ्यानं लिहिलं तर ते त्याच्यासारखं होतंय. माझं हळू होतंय, पण माझं होतंय. तुमाला दोनदा सांगाय गेलते.”

सदऱ्याच्या आतली तुळशीची माळ धोंडीरामाला एकाएकी टोचली. कुठलीशी चूक सापडावी म्हणून त्यानं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. अक्षर सुरेख होतं.

त्यानं आतून नवा कोरा नमुना आणला, खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही तिच्या हातात दिली.

“तूच भर. कुठं अडलीस तर हाक मार. मी मधी बोलणार न्हाई.”

आत शिपाई शहादेव टपालाच्या पिशवीची दोरी आवळत होता. धोंडीरामानं पिशवीच त्याच्या हातातून काढून घेतली.

“पौर्णिमाचा अर्ज पुन्हा येतोय, सर. पहिला मी चुकीचा भरला. पोरगी सांगत हुती, मी ऐकलं न्हाई.”

सरांनी पहिल्यांदाच फोन कानापासून लांब केला. “तू? अन् चुकलास? आता पाचाची गाडी कोण थांबवणार, तुझा विठोबा? किती वेळ लागंल तिला?”

सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. पुढचा पहारेकरी येऊन गळ्यात घेईपर्यंत आधीच्यानं ती घेऊन उभं राहायचं असतं. पिशवी तशीच छातीशी धरून धोंडीराम दारात उभा राहिला. तिथून पायरीवरचं वाकलेलं डोकं दिसत होतं, आणि कागदावर सावकाश चालणारं पेन.

“लागंल तेवढा,” तो म्हणाला.