लंगड्या स्टुलाची कविता

लाल शाई. हिरवं स्टूल. कवी: अज्ञात. चेतनगुणोक्ती ओळखा. बशीनं झाकून ठेवलेला चहा.

शिक्षकांच्या खोलीत ती उत्तरपत्रिका तपासत होती. अपठित कविता कुणाच्याच वाचनातली नसावी, म्हणून या शाळेत पेपर काढणाराच ती लिहायचा आणि स्वतःचं नाव झाकायचा. यंदा पेपर याच शाळेत शिकवणाऱ्या तिच्या नणंदेनं काढला होता.

नवरा घर सोडून गेल्याचं नणंदेखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना तिनं बदलीची थाप मारली होती. तो राहतो तरी कुठे, हे विचारून विचारून तिचं तोंड दुखलं. नणंद दर वेळी कानांवर हात ठेवायची, वर तिच्याबरोबर रडायचीही.

हिरवा रंग दिलास तरी
स्टूल लंगडतंच आहे,
पायाखाली अजून
तिनंच घडी केलेला पुठ्ठा.

आधी नुसती लाज वाटली. स्टूल तिचं, पुठ्ठा तिचा. रडता रडता सांगितलेलं सगळं नणंदेनं अख्ख्या वर्गासमोर वाळत घातलं होतं. ‘स्टूल माणसासारखं लंगडतं, म्हणून चेतनगुणोक्ती.’ बरोबर. ‘पुठ्ठा हे बायकोचं रूपक आहे.’ बरोबर, आता काय करता. पुढच्या पोरानं लिहिलं होतं, ‘हिरवा रंग हे नव्या संसाराचं प्रतीक आहे.’ तिनं बरोबरची खूण केली आणि पेन तिथंच अडलं.

नवऱ्यानं घरातून नेलं तेव्हा स्टुलाला रंगच नव्हता.

नणंद खडूचे हात झटकत आत आली.

“ताई, हिरवा रंग कुठून आणलात?”

“अगं, कविता आहे ती. सुचतं.”

“वर्गात तर सांगता, डोळ्यांनी न पाहिलेली प्रतिमा लिहू नका म्हणून.”

नणंदेनं कपावरची बशी काढली. चहा गार होतोय म्हणाली.

“तुम्ही गेलात की त्याच स्टुलावर बसवतो का?”

“दुसरं आहे काय त्याच्याकडे बसायला,” नणंद बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

बशी पुन्हा कपावर गेली. तिनं पुढची उत्तरपत्रिका ओढली. हिरव्या रंगाला ती गुण देत राहिली. पोरांचं काय चुकलं होतं?

तो सामान घेऊन गेला त्या दुपारी नणंदेनं तिला पडद्याचं कापड बघायला बाजारात नेलं होतं.