मशीनला लागलेली उचकी

दुपारी धाकटा जिना बसवायच्या जागेची मापं घेऊन वर्कशॉपमध्ये परतला, तेव्हा वेल्डिंग मशीनला उचकी लागली होती. गनमधून तार दोन बोटं सुरळीत यायची, मग अडायची, मग एकदम उसळून लोखंडाला ढुशी मारायची.

"सकाळपासून असंच करतंय," दादा म्हणाला. "कोणीतरी आठवण काढत असेल त्याची."

धाकट्याला वेल्डिंग शिकवलं ते या थोरल्या भावानंच. दोनदा कानाखाली देऊन, बाकी तोंडानं. वर्कशॉपात माणसं दोघंच. जिना संध्याकाळच्या आत शाळेच्या मागच्या भिंतीला लागायचा होता. आग लागलीच तर चारशे मुलं त्यावरून उतरणार. आणि तार अशी अडखळली की जोड वरून गुळगुळीत दिसतो नि आतून कच्चा राहतो, घरातल्या थोरल्या जावयासारखा.

धाकट्यानं टोकापासून सुरुवात केली. गनच्या तोंडाची टिप बदलली. उचकी तशीच. गनपर्यंत तार नेणारी केबल रुसल्यासारखी वेटोळं करून पडली होती, ती सरळ केली. उचकी तशीच.

"पाणी पाज त्याला," दादा स्टुलावरून म्हणाला.

"दादा, विजेवर चालतं ते."

"म्हणून काय तहान लागत नाही?"

शेवटी त्यानं तार पुढे ढकलणाऱ्या फीडरचं झाकण उघडलं. आत तारेचा गुंता आणि रोलरखाली तांबूस भुगा. रोलर दाबणारा नॉब इतका आवळलेला, की तार चपटी होऊन तिचा चुरा होत होता. चुरा केबलच्या नळीत साचून तार अडत होती. आणि तार अडते म्हणून कोणीतरी नॉब आणखी आवळत होतं.

किती वेळा, याचीही नोंद होती. नॉब पाव फेरी आवळला की झाकणाच्या आत खडूची एक रेघ, हा दादाचाच कायदा. दोन रेघा झाल्या की नॉब सोडायचा आणि दोष दुसरीकडे शोधायचा. धाकटा रोज सकाळी झाकण पुसायचा. आजही पुसलं होतं.

आता तिथे अकरा रेघा होत्या, दादाच्या हातच्या, सरळ नि ठसठशीत. दहा रेघा डोळ्यांसमोर असताना त्यानं शांतपणे अकरावी ओढली होती.

धाकट्यानं रेघा पुन्हा एकदा मोजल्या. मागच्या आठवड्यात दादा डोक्यावर हेल्मेट घालून हेल्मेट शोधत होता, तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. परवा त्यानं वहिनीला आपल्याला मुलं किती म्हणून विचारलं. तेही वहिनीनं हसतच सांगितलं होतं.

"हे कोणी केलं?" दादा मागून डोकावला. रेघा मोजताना त्याचा चेहरा क्षणभर रिकामा झाला.

"मी," धाकटा म्हणाला.

"अकरा? तारेचा गळा आवळतोयस काय? इतकी वर्षं माझ्या हाताखाली माशा मारल्यास?"

दादाला भलतीच तरतरी आली. त्यानं धाकट्याला बाजूला सारलं, चपटी तार कापून फेकली, नळी हवेनं साफ केली, नॉब पार सैल केला. गनपुढे लाकडी ठोकळा धरून तार सोडली आणि ती न घसरता गोल वळायला लागेपर्यंतच नॉब आवळला. हात इतके बिनचूक, की धाकट्यानं उगाच हेल्मेट चढवून काच खाली ओढली. दादानं झाकण पुसलं. मशीन एका सुरात गुणगुणू लागलं.

धाकट्यानं सकाळच्या पायऱ्यांचे नऊ जोड ग्राइंडरनं कापायला घेतले. नऊच्या नऊ दादाचे.

"चांगले जोड का कापतोस?"

"माझेच आहेत. कच्चे राहिलेत."

"मग काप. नशीब समज, मी आहे तुला."

नववा जोड तुटला, ग्राइंडर थांबला. दादा फीडरचं झाकण उघडून उभा होता. त्यानं नॉब पाव फेरी आवळला आणि एक रेघ ओढली.

"सकाळपासून असंच करतंय," तो म्हणाला.

धाकट्यानं रेघ पुसली, नॉब मागे घेतला आणि झाकणाला कुलूप घातलं. मग किल्ली कुठे ठेवतोय, ते दादाला खरं खरं सांगून टाकलं.