पिशवीत राहिलेली रिंग

ठाकूरद्वारच्या सुनेत्राला एका जागी म्हणून बसवत नसे. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी ट्राम धरून लालबागला जायचं आणि चाळीतल्या क्षयाच्या रोग्यांना इंजेक्शनं द्यायची. सुट्टी मिळाली रे मिळाली की गिरगावातल्या भटक्या मंडळींबरोबर कुठला तरी कडा चढायचा. छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळीबार झाला तेव्हा परळच्या सेवाकेंद्रात ती पट्ट्या बांधायला म्हणून गेली, ती तिथलीच होऊन राहिली.

सत्तावन्नच्या डिसेंबरात मात्र तिचं कशातच लक्ष लागेना. नाताळच्या सुट्टीत मंडळी मारवाडच्या वाळवंटात निघाली होती. पोकरणपर्यंत रेल्वे, पुढे उंट आणि आपले पाय. समुद्र सोडला तर एवढं मोकळं तिने काही पाहिलेलं नव्हतं.

अडचण होती शेवंतीची. शेवंती गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती आणि तापाचं निमित्त करून रजेवर होती. तिला नव्वद इंजेक्शनं घ्यायची होती, रोज एक, खंड न पडता. आजाराचं नाव फुटलं असतं तर नळावर तिला कुणी शिवू दिलं नसतं, गिरणीतली जागाही गेली असती. म्हणून चाळीसाठी सुनेत्रा होती भरतकाम शिकवणारी बाई. डब्यात उकळलेली सिरिंज, आणि हातात, सगळ्या गॅलरीला दिसेल अशी, कापड ताणून बसवलेली लाकडी रिंग. ती आत गेली की शेवंतीची सासू सखुबाई दार लोटून घ्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पोरं दोरे वढत्यात."

केंद्रातली कांता सुनेत्राला म्हणाली, "तू जा बाई एकदाची, नाहीतर मला चावशील. मी बघते शेवंतीचं."

सुनेत्राने तिला कागदावर सगळं लिहून दिलं. औषध किती, सुई कुठली, किती वेळ उकळायची, चाळीचा पत्ता.

वाळूतल्या दुसऱ्या दिवशी तिच्या पिशवीचा पट्टा तुटला. सुई-दोरा शोधायला तिने हात घातला, तर तळाशी रिंग. तिच्यात शेवंतीचा अर्धा पोपट, एक डोळा भरायचा राहिलेला. कांताला तिने सगळं सांगितलं होतं, हे भरतकामाचं सोंग तेवढं सोडून.

"मी परत चालले," ती म्हणाली.

मंडळींचा पुढारी राजाराम हसला. "अगं, उद्या सगळ्यात मोठी टेकडी. त्यासाठीच आलो ना आपण? एका रिंगसाठी परत जाणार?"

"हो."

उंटवाल्याने तिला लॉरीच्या रस्त्यावर सोडलं. वाटेत तिला स्वतःचा राग आला, आणि खोटं कशाला, शेवंतीचाही आला. दर थोड्या वेळाने ती मागे वळून बघत होती.

परळला कांता खाली मान घालून बसली होती. "मी केंद्राची पांढरी पिशवी घेऊन गेले. नळावर विचारलं, इंजेक्शनवाली शेवंती कुठली? मला काय ठाऊक गं? त्या दिवशी घेतलं तिने. नंतर दारच उघडलं नाही."

लालबागच्या त्या चाळीच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. त्याच भिंतीखाली नळ. तिथे चंपा कळशी भरत होती. मोर्च्यात ही शेवंतीचा हात धरून चालली होती.

"आल्या शिकवणीच्या बाई," चंपा म्हणाली. "आम्हालाबी शिकवा की ते टोचायचं भरतकाम." बायका हसल्या.

सुनेत्रा वर गेली. दार बंद.

"न्हाय घेणार ती," आतून सखुबाई म्हणाली. "जावा तुम्ही."

सुनेत्रा गेली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत ती दारासमोर फरशीवर बसली आणि रिंग मांडीवर घेऊन पोपटाचा डोळा भरायला लागली. तिला भरतकाम येतच नव्हतं. इतके दिवस टाके शेवंतीचे होते, ही नुसती शेजारी बसायची. दोरा गुंतला, बोटाला सुई लागली. बराच वेळ खिडकीच्या फटीतून कुणीतरी बघत होतं.

"अवं बाई," शेवटी शेवंतीला राहवेना, "टाका उलटा चाललाय. वाटोळं कराल माझ्या पोपटाचं."

कडी निघाली. शेवंतीने आधी रिंग काढून घेतली, मग बाजेवर जाऊन बसली. "पंचावन्न झाली. सहा चुकली," ती म्हणाली.

"डॉक्टरांना विचारलंय मी. पुढे चालू ठेवायची."

सखुबाई सवयीने दार लोटायला उठली.

"राहू द्या उघडं, आत्या," शेवंती म्हणाली. "आता पोरांनी दोरे वढले तर वढू देत."

सुनेत्राने पिशवीतून डबा काढला. पिशवीच्या शिवणीतून चिमूटभर वाळू सांडली.

"कसं होतं वो वाळवंट?"

"अर्धंच पाहिलं."

"मग परत जावा की. माझी संपल्यावर."

पस्तीस राहिली होती. राजाराम आणि मंडळी एव्हाना ती मोठी टेकडी चढून उतरलीही असतील. सुनेत्राचा हात स्थिर होता, पाय मात्र बाजेखाली सारखे हलत होते. फेब्रुवारीत वाळू फार तापते का, एवढं राजारामला विचारून ठेवायला हवं होतं.