सप्ताळूला जामीन

"आप्पानू, तोडू काय?" विठू गड्याने कोयता उगारून विचारले.

"तोड. फळत नाही ते झाड कशाला हवं?"

न फळणाऱ्या झाडाला मार्गशीर्षात असा धाक घालायची गावची रीत होती. एकाने कोयता उगारायचा, दुसऱ्याने जामीन राहायचे. जामीन म्हणून सासूबाईंनी मुद्दाम सुनेला, मालिनीला, पुढे केले. लग्नाला पाच वर्षे होऊनही मालिनीची कूस उजवली नव्हती, आणि शेजारपाजार कुंपणाशी जमला होता.

"नको तोडूस," मालिनी खाली मान घालून म्हणाली. "पुढच्या वर्षी धरील."

"सांगतंय कोण, ते पाहा," सासूबाई म्हणाल्या. कुंपणाशी हशा पिकला.

सप्ताळूचे, म्हणजे साहेबाच्या पीचचे, हे कलम मालिनीच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, पेन्शनीत निघाल्यावर थेट उत्तर हिंदुस्थानातून मागवले होते. चिनी जात, फळ चपटे, गर पांढरा, थंडी इतर जातींहून कमी लागते. रत्नागिरीत कमीसुद्धा नसते, ही गोष्ट आप्पांनी मनावर घेतली नाही. थंडीऐवजी त्यांनी झाडाला ताण दिला. पाणी तोडले, पाने ओरबाडली, बुंध्याची माती काढून मुळ्या उघड्या टाकल्या. हाल झाल्याशिवाय झाड फळत नाही, हे शास्त्र घरात इतके पटले की सासूबाईंनी मालिनीचेही सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी जेवण तोडले.

माघात सप्ताळूला चार गुलाबी फुले आली. आप्पांनी पेढे वाटले. फुले गळाली. मालिनीकडून तेवढीही बातमी आली नाही.

पुढच्या मार्गशीर्षात मुळ्या पुन्हा उघड्या पडल्या आणि विठू कोयता घेऊन उभा राहिला. या खेपेस आप्पा स्वतःच जामीन राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "परमुलखातलं झाड. रुळायला वेळ लागतो."

मग त्याच सुरात त्यांनी गाडी जुंपायला सांगितले. मालिनीला बंदरावर सोडायचे होते. तिथून ती केळशीला, माहेरी, कायमची. मुंबईत कारकून असलेल्या श्रीपतीसाठी, म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी, राजापूरची मुलगी ठरली होती.

सांगून आप्पा क्षणभर थांबले. सवयीने सगळेच थांबले; या ठिकाणी कोणीतरी "नको" म्हणायचे असते. रजेवर आलेला श्रीपती धोतराचा सोगा नीट करीत राहिला. विठूने कोयता कमरेला अडकवला आणि ट्रंक उचलली.

"चला वयनीनू, आगबोट चुकल."

मालिनी झाडापाशी थांबली. उघड्या मुळ्यांवर तिने पायाने माती लोटली, चांगली दाबली, आणि गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी आप्पांनी विठूकडून ती माती परत काढवली.