दिराची फाटकी शिडं

दिराने शिडांचं भेंडोळं टेबलावर आपटलं आणि घरभर कुजक्या मासळीचा असा भपकारा सुटला की वहिनीने एका हाताने नाक धरलं आणि दुसऱ्याने गिऱ्हाईकाचे पांढरे पडदे उचलले. ती घरीच पडदे शिवायची. धाकटा दीर किनाऱ्यावर विंडसर्फिंगच्या फळ्या आणि शिडं भाड्याने द्यायचा.

"दोन शिडं फाटलीत, वहिनी. बाहेर दिली तर खिसा कापतात लेकाचे. तुम्हाला काय, चार टाके!"

"धुऊन तरी आणायची, भावजी."

"रोज समुद्रातच असतात की! अजून काय धुवायचं?"

पहिलं शीड तिने बाथरूममध्ये उलगडलं. डोलकाठी घालायच्या लांब बाहीतून मेलेला खेकडा पडला, त्याच्यावर अळ्या वळवळत होत्या. त्या तिने चिमटीने वेचल्या. फाटलेल्या जागी दिराने खोक्याची टेप मारली होती; ती सोलली तर खाली काळा चिकटा. तो स्पिरिटने घासून काढता काढता नखांत गेला, तो काही केल्या निघेना.

वाळल्यावर मात्र काम झकास जमलं. शिडाच्या चिकटकापडाची दोन ठिगळं, कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. दोन्ही बाजूंनी लावून लाटण्याने दाबली, कडेने नागमोडी शिलाई. एक सुरकुती नाही. तिला बरं वाटलं.

दुसरं शीड पारदर्शक प्लास्टिकचं. उन्हाने पिवळं पडलेलं, घडी उघडताना कडाकडा वाजलं. तिने बोट दाबलं, ते आरपार गेलं.

"हे संपलंय, भावजी. शिवलं तर टाक्याटाक्यावर फाटेल."

"मग शिवू नका. वर मोठा स्टिकर मारा. नवशिक्यांना काय कळतंय?"

"आणि पाण्यात फाटलं तर?"

"येतात पोहत!" दीर हसला. "गेल्या महिन्यात ती लायब्ररीवाली बाई. शीड मधोमध फाटलं. दोन तास फळीला पालथी चिकटून होती. ओढून आणली तर नुसती ओकत होती. असं!" त्याने जीभ बाहेर काढून नक्कल करून दाखवली.

अळ्या वेचतानाही वहिनीला एवढी किळस आली नव्हती. तिने मोठी कात्री घेतली आणि शीड वरपासून खालपर्यंत चरचर कापलं.

"डोकं फिरलंय का तुमचं? दादाला सांगतो!"

"सांगा. ती नक्कलही करून दाखवा."

त्याने सांगितलं. जेवताना नवरा म्हणाला, "कापायचं कशाला? नाही म्हणायचं."

"नाही म्हटलं असतं, तर घरी जाऊन त्याने स्वतःच स्टिकर मारला असता."

नवऱ्याने आणखी भात वाढून घेतला. तिने मात्र ताट बाजूला सारलं. हाताचा वास जात नव्हता.

रविवारी ती सरळ किनाऱ्यावरच्या दिराच्या टपरीत गेली आणि भाड्याला आलेल्या माणसांदेखत एकेक शीड उन्हात धरून बघू लागली. तीन तिने बाद केली. माणसं जवळ सरकली, आपापली शिडं पुढे करू लागली. दीर तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होता. चौथ्या शिडात गुंडाळलेला टॉवेल निघाला, भिजून बुरसटलेला.

"शी!" म्हणत तिने तो पायाने लांब सारला आणि पाचवं ओढलं.