स्केरी टोकाचा माफी देणारा दिवा

स्केरी टोकावरच्या दीपगृहाच्या गोल जिन्यात माणसं एकमेकांना खेटून उभी होती. खाली पर्यटकांची बस, वर दिव्याच्या काचघरात काळ्या कपड्यांतल्या गावच्या बायका आणि न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर कधी नव्हे ते लख्ख ऊन. गार्लंड कप्तानाच्या धंद्याला याहून बरा दिवस कुठला? कप्तान म्हणायचं ते आपलं म्हणायला. या गृहस्थाने जन्मात सुकाणू धरलं नव्हतं. फेरीबोटीवर चहा विकता विकता कुठून तरी सोनेरी पट्टीची टोपी पैदा केली आणि दीपगृह बंद पडल्यावर तिथला वाटाड्या होऊन बसला.

शाळेत विज्ञान शिकवणारी फिलोमिना दाताखाली ओठ दाबून हे बघत होती. तिचा धाकटा भाऊ लिअँडर दोन हिवाळ्यांपूर्वी होडीसकट बुडाला. त्याची बायको डल्सी शेजारीच उभी होती, लिअँडरची लोकरी टोपी छातीशी धरून. तो गेला त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते गार्लंडला कळलं आणि त्याने तिला गाठलंच. आज दिव्यात ठेवलेली टोपी पेटली नाही, तर राहतं घर दीपगृहाच्या नावावर करायचं, म्हणजे नवऱ्याचा राग शांत होईल, असं त्याने तिच्या गळी उतरवलं होतं. दीपगृहाच्या म्हणजे कुणाच्या, हे सांगायला नकोच.

"या दिव्याचा राखणदार एलियाझर ऐन वादळात झोपला," गार्लंडने खर्जात सुरुवात केली. "जहाज खडकावर फुटलं. तेव्हापासून त्या पाप्याला शिक्षा आहे, बुडालेल्यांचे निरोप पोचवायचे. वस्तू पेटली तर तुमच्या माणसाने तुम्हाला माफ केलं. दिवा दिवसा झोपतो, हे गावाला ठाऊक आहे. मी फक्त त्याला उठवतो."

आणि गावाला ते खरंच ठाऊक होतं. दीपगृह चालू होतं तेव्हा उजाडलं की राखणदाराची बायको काचघराचे पडदे ओढायची. दिव्याची झोप मोडू नये म्हणून, असं प्रत्येक आईने पोरांना सांगितलेलं. फिलोमिनानेही लहानपणी ते ऐकलं होतं आणि मोठेपणी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

गार्लंडने पश्चिमेचा पडदा सारला. मधोमध पुरुषभर उंचीचं भिंग चकाकलं. त्याच्या पोटात, पूर्वी जिथे वात जळायची तिथे, आता नुसतं पितळी तबक होतं. टोरांटोहून आलेल्या एका बाईने भावाचा रुमाल तबकात ठेवला. गार्लंड पुटपुटत भिंगाच्या चौकटीला टेकला. धूर निघाला, रुमाल भसकन पेटला. बाई रडायला लागली आणि जिन्यात लोक छातीवर क्रूस काढू लागले.

मग डल्सीची टोपी. गार्लंड पुन्हा टेकला, पण या वेळी चौकट वीतभर सरकली. फिलोमिनाने ते पाहिलं.

"अजून राग आहे गं पोरी," त्याने उसासा टाकला. "घराचं काय ठरलं?"

डल्सी मान खाली घालून म्हणाली, "घ्या."

"थांब," फिलोमिना पुढे झाली. "कप्तान, धुक्याच्या दिवशी तुमच्या एलियाझरला सुट्टी का असते हो?"

"मास्तरीणबाई, मेलेल्यांची चेष्टा नको."

"मेलेल्यांची नाही, तुमची करतेय." तिने त्याच्या डोक्यावरची टोपी उचलली, लिअँडरची बाजूला काढून ती तबकात ठेवली आणि चौकट उन्हाकडे वळवली. सोनेरी पट्टी काळवंडली, धूर निघाला. तिने शाल उन्हाच्या आड धरली, धूर थांबला. शाल काढली, पुन्हा निघाला. "तुम्हाला कोण माफ करतंय, कप्तान? ही नुसती आग लावणारी काच आहे. पोरं भिंगाने पानं जाळतात ना, तेच, हत्तीएवढं. दिवसा पडदे ओढायचे ते दीपगृहाला आग लागू नये म्हणून."

"गावाच्या श्रद्धेवर घाला," गार्लंड ओरडला, पण त्याचं लक्ष जळत्या टोपीकडे होतं. जिन्यात कुणीतरी फिदकन हसलं.

डल्सीने फिलोमिनाचा हात धरला. "ताई, मग आता फिरव ना ते लिअँडरच्या टोपीवर. एकदाच पेटू दे. मला झोप तरी लागेल."

फिलोमिनाचा हात चौकटीकडे गेला. किती सोपं होतं. पण मग तिच्यात आणि गार्लंडमध्ये फरक तो काय राहिला असता?

"नाही गं. लिअँडर रागावला होता की नाही, मला माहीत नाही. याला माहीत नाही, काचेला तर नाहीच नाही. भांडणाने होडी बुडत नाही. लाट आली, इंजिन बंद पडलं, होडी उलटली. तुझ्या शब्दांनी समुद्र खवळला नव्हता."

डल्सीने लिअँडरची टोपी आपल्या डोक्यावर ओढली. "घर माझं आहे," ती गार्लंडला म्हणाली.

माणूस गेला की 'माझंच चुकलं' हा सल मागे राहतोच. त्या सलावर दुकान थाटणारा भेटला, तर हात जोडण्याआधी त्याचे हात कुठे आहेत ते बघावं. विचारायला लाजू नये. दुःख आपलं असतं, डोकंही आपलंच असतं.

रांगेत पुढचा नंबर म्हाताऱ्या टॅमसिनचा होता, मुलाचा हातमोजा मुठीत धरून उभी. डल्सीने तिची मूठ अलगद आपल्या हातांत घेतली.

"आजी, हा जाळू नका. घरी न्या. ऊब आहे अजून त्यात."