बारीक धारेचं पाणी

गिझरच्या टाकीला तळाशी गंज धरला, न्हाणीघरात टपटप सुरू झाली, आणि थोरल्याने जाहीर करून टाकलं, की आता बिनटाकीचाच गिझर घ्यायचा. थोरला लांब पल्ल्याची बस चालवायचा. आठवड्यातले दोनतीन दिवसच घरी; पण तेवढ्यात सगळ्या घराला वळण लावून जायची त्याला भारी हौस.

"भिंतीवर एवढीशी पेटी," तो धाकट्या भावाला सांगत होता, "नळ सोडला की आतली गॅसची शेगडी आपोआप पेटते. पाणी संपायची भानगडच नाही. तुझ्यासाठीच घेतोय रे, नाहीतर सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत तू बसतोस ताटकळत."

धाकटा सुतार. घराला लागूनच त्याची कामाची खोली होती. रंधा न थांबवता तो म्हणाला, "घे ना, दादा. फक्त अण्णांच्या आंघोळीला चालेल का, तेवढं बघ."

"त्यात काय बघायचं? पाणी ते पाणी!"

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, आणि त्यांना आंघोळ धाकटाच घालायचा. थोरल्याने ती कधी पाहिलीच नव्हती. तो उठायचा तेव्हा अण्णा भांग पाडून, स्वच्छ सदऱ्यात खिडकीशी बसलेले असायचे.

त्यांच्या बहिणीकडे, ताईकडे, तसला गिझर होता. थोरला म्हणाला, वापरूनच बघू. तो अण्णांना घेऊन तिच्याकडे राहायला गेला. धाकट्याला एक कपाट पोचवायचं होतं, म्हणून तो मागे राहिला. सकाळी ताई कामावर गेली, आणि अण्णांची आंघोळ थोरल्याच्या गळ्यात पडली.

त्याने धाकट्याला फोन लावला.

"खुर्चीवर बसव," धाकटा म्हणाला. "तांब्याने ओतू नकोस, दचकतात, श्वास अडकतो त्यांचा. हातातला शॉवर घे. एकदम बारीक धार. आधी पायांवर."

थोरल्याने तसंच केलं. धार बारीक केली, तशी पेटीतली शेगडी विझली आणि अण्णांच्या गुडघ्यांवर गार पाणी पडलं. ते कळवळले. घाबरून त्याने नळ मोठा सोडला, तर शेगडी भप्पकन पेटली आणि पाण्याचा फवारा थेट छातीवर. अण्णांनी डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या तोंडून शब्द नीट फुटेना. "ह... हळू," एवढंच कसंबसं म्हणाले.

शेवटी गॅसवर पाणी तापवून, टॉवेल भिजवून त्याने अण्णांचं अंग पुसून काढलं. काखेत, बोटांच्या बेचक्यांत, लुळ्या हाताच्या मिटलेल्या मुठीत. ती मूठ सोडवायलाच त्याला केवढा वेळ लागला. आत तळवा लहान मुलासारखा मऊ आणि स्वच्छ होता. कुठे मळ नाही, चट्टा नाही. बसच्या स्टिअरिंगवर घट्ट हात असणारा हा माणूस तो तळवा धरून न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून राहिला. घरात रोज हे कोणीतरी करत होतं, आणि आपण उठून चहा मागत होतो!

संध्याकाळी ताई म्हणाली, "अरे, पाणी कमी झालं की तो बंदच पडतो. मला सांगायचं सुचलंच नाही." थोरल्याने दुकानातही विचारलं. जरा कमी धारेला चालणारे होते, पण अण्णांना सोसेल इतक्या बारीक धारेला एकही नाही.

घरी परतल्यावर तो तडक धाकट्याच्या खोलीत गेला.

"टाकीवालाच घेऊ. मोठा."

"चालेल."

"आणि... तुझे आभार मानायचे होते."

धाकट्याने रंधा खाली ठेवला. "तुला बरं नाहीये का?"

"गप रे! मी घरी असलो की अण्णांची आंघोळ माझ्याकडे. शिकव मला."

धाकटा हसायला गेला, पण डोळे भरून आले. भुशाने माखलेल्या हाताने त्याने ते पुसले, तसे आणखीच चुरचुरले.

नवीन गिझर बसला. पुढच्या सुट्टीत थोरला लवकर उठला, खुर्ची मांडली, मनगटावर पाणी तपासलं आणि अण्णांच्या पायांवर बारीक धार धरली. आधी अण्णांनी खांदे आक्रसले. मग हळूहळू सैल सोडले आणि डोळे मिटून घेतले. पलीकडच्या खोलीत धाकटा ढाराढूर झोपला होता.